नांव जुनें, माप नवें

मुळशी तालुक्यांतील ताथवडे हें गांव आतां पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आलेलें आहे. शेजारून मुंबई-बंगळूर महामार्ग जातो. एका अंगास हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्या आणि दुसऱ्या अंगास पिंपरी-चिंचवडचे कारखाने. त्यामुळें जेथें पूर्वीं शेतें होतीं, तेथें आज उंच उंच इमारती उभ्या आहेत. अशा गांवीं जमिनीच्या एकाच तुकड्याविषयीं चार माणसें चार भाषांत बोलतात. घरांतील वडील मंडळी गुंठे म्हणतात. सातबाऱ्यावर हेक्टर व आर असतात. घरें बांधून विकणारा चौरस फूट सांगतो. आणि नोंदणीच्या करारांत चौरस मीटर लिहिलेले असतात. जोत्यांत घालावयाचा मुरूम येतो तो ब्राशीनें, म्हणजे शंभर घनफुटांच्या हिशेबानें. आणि लोखंडाची सळई कागदावर मिलिमीटरची असली, तरी मिस्त्रीच्या तोंडीं ती सुतांचीच असते.

ऐकणारास यांत गंमत वाटेल. परंतु ज्या घरांत वांटणीची वेळ येऊन ठेपली आहे, त्या घरास यांत गंमत वाटत नाहीं. एकत्र कुटुंबांतील माणसें एकमेकांपासून दुरावतात तीं बहुधा मोठ्या अन्यायामुळें नव्हे. कोणाच्या तरी मनांत एक लहानसा संशय शिरतो व तो कोणी वेळींच काढीत नाहीं, त्यामुळें. अशा संशयाचें एक मूळ मापांच्या घोटाळ्यांत असतें, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. म्हणून या महिन्यांत त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाच्या वांटणीपत्राचा मसुदा कांहीं दिवसांपूर्वीं आम्हांस वाचावयास मिळाला. वांटेकरी चार : तिघे बंधु व एक भगिनी. (२००५ सालच्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतींत कन्येचाही पुत्राइतकाच वांटा असतो, हें वाचकांस ठाऊक आहेच.) वडिलांच्या जुन्या कागदांत जमीन २ एकर २० गुंठे, म्हणजे बरोबर १०० गुंठे लिहिलेली. आजच्या सातबाऱ्यावर तीच जमीन १ हेक्टर १ आर १७ चौरस मीटर. आर आणि गुंठा हे शब्द लोक सर्रास एकाच अर्थानें वापरतात. तेव्हां धाकट्या बंधूंनीं उताऱ्यावरील आंकडा ‘एकशें एक गुंठे आणि वर थोडें’ असा वाचला. मग प्रश्न निघाला : हा वरचा एक गुंठा आला कोठून, आणि इतकीं वर्षें तो कोणाच्या हिशेबीं होता? थोरल्या बंधूंनीं तीस वर्षें कागद सांभाळले होते, सारा भरला होता, मोजणीच्या वेळीं उन्हांत तेच उभे राहिले होते. सर्वांची दृष्टि त्यांच्याकडेच वळली. ते कांहीं बोलले नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं त्यांनीं कागदांची पेटी आणून चौघांपुढें ठेविली आणि ‘यापुढें हें तुम्हीच पाहा,’ म्हणून सांगितलें.

दागिन्यांचीही तीच कथा. मातोश्रींच्या विवाहाच्या वेळची, १९५४ सालची यादी घरांत होती. तींत सर्व मिळून सोनें २४ तोळे. सराफाच्या कांट्यावर तेच दागिने घातले तों ते २८ तोळ्यांस किंचित् कमी भरले. सोनें वापरून झिजतें, वाढत नाहीं. मग हे चार तोळे यादींत कां नव्हते, आणि ते कोणासाठीं राखून ठेविले होते, अशी कुजबूज स्वयंपाकघरांत सुरू झाली.

वास्तविक, वरचा गुंठा कधीं अस्तित्वांतच नव्हता आणि चार तोळे कोणीं लपविले नव्हते. जमीन तेवढीच होती, सोनें तेवढेंच होतें. बदललें होतें तें माप. आणि बदललें नव्हतें तें मापाचें नांव. हें कसें घडतें तें समजण्यासाठीं आपल्या देशीं एकामागून एक आलेल्या तीन पद्धतींची ओळख करून घेतली पाहिजे.

पहिली पद्धत रूढ मापांची. तिचें मूळ मनुष्याच्या देहांत व नित्याच्या कामांत आहे : अंगुल, वीत, हात, मूठ, ओंजळ. या मापांस लोक अडाणी समजतात तें बरोबर नाहीं. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या वेळच्या जमीन-मोजणीचें वर्णन आहे. तेथें काठी पांच हात व पांच मुठींची सांगितली आहे. पण तेवढ्यावर न थांबतां हात चौदा तसूंचा आणि सबंध काठी ८२ तसूंची, असेंही नमूद केलें आहे. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर. हात कोणाचा धरावयाचा, उंच माणसाचा कीं ठेंगण्याचा, हा वाद त्या काळींही होत असलाच पाहिजे. एरवीं हाताचे तसू ठरवून देण्याचें प्रयोजन नव्हतें.

धान्याचीं मापें पाहिलीं तर तीं सारीं दुपटीनें चढत जातात. दोन कोळव्यांचें एक चिपटें, दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा शेर, आणि चार शेरांची पायली. यांत मोठी सोय होती. ज्याच्याजवळ तराजू नाहीं त्यासही अर्धें करितां येतें, अर्ध्याचें अर्धें करितां येतें. दहावा भाग मात्र नुसत्या डोळ्यांनीं करितां येत नाहीं. रुपयाचे सोळा आणे, तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, हे आंकडेही असेच पाव-अर्ध्याच्या सोयीचे. म्हणून जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी व औटकी मुलांकडून घोकून घेत. आम्हांस हीं कोष्टकें वडील माणसांच्या तोंडून ऐकावयास मिळालीं. तीं ज्यांना मुखोद्गत होतीं, त्यांना बाजाराच्या हिशेबास कागद लागत नसे.

परंतु या पद्धतींत एक मोठी अडचण होती. नांव एक, माप गांवोगांव निराळें. मण कोठें बारा पायल्यांचा, कोठें सोळांचा. वजनाचा मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, तर बंगालचा मण ८२ पौंडांहूनही किंचित् अधिक. जोंपर्यंत देवघेव एकाच पंचक्रोशींत होती, तोंपर्यंत यामुळें कोणाचें अडत नव्हतें. गांवची पायली केवढी हें गांवांतील लेंकरासही ठाऊक असे. आगगाडी आली, पेठा एकमेकींस जोडल्या गेल्या, तेव्हां हें चालेनासें झालें.

दुसरी पद्धत इंग्रजांची. १८२४ च्या कायद्यानें त्यांनीं आपल्या देशांतील मापें एकसारखीं केलीं आणि तीं येथेंही आणिलीं. आपल्या पुणें जिल्ह्याचा या इतिहासाशीं निकट संबंध आहे. गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनीं १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत नवी जमीन-मोजणी आरंभिली. पुढें मुंबई इलाख्यांत जी एकर-गुंठ्यांची व्यवस्था रूढ झाली ती याच पद्धतीची. एकराचें मूळ पाहूं गेलें तर तेंही आपल्यासारखेंच शेतकऱ्याचें आहे : बैलांच्या नांगरानें एका दिवसांत होणारी नांगरट. त्यास निश्चित रूप आलें तें एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञानें १६२० सालीं सुचविलेल्या ६६ फुटांच्या सांखळीनें. एक सांखळी रुंद व दहा सांखळ्या लांब तो एक एकर.

आतां आपल्या गुंठ्याकडे पाहावें. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. ३३ फूट म्हणजे गंटरसाहेबांच्या सांखळीचें बरोबर अर्ध. ज्या गुंठ्यास आपण केवळ आपला, वाडवडिलांपासून चालत आलेला म्हणून छातीशीं धरितों, त्याची बाजू ही अशी विलायती सांखळीनें आंखलेली आहे. नांव मराठी, माप इंग्रजी. या लेखाच्या मथळ्यांत जी गोष्ट सांगितली आहे ती कांहीं आजचीच नव्हे, हें यावरून दिसेल.

इंग्रजी पद्धत एकसारखी होती खरी, पण सोपी नव्हती. बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा यार्ड, २२० यार्डांचा फर्लांग, आठ फर्लांगांचा मैल. सोळा औंसांचा पौंड, ११२ पौंडांचा हंड्रेडवेट, वीस हंड्रेडवेटांचा टन. शिवाय आपलीं शेर-मण हीं येथें राहिलींच. १९३२ सालीं मुंबई इलाख्यांत वजन-मापांचा स्वतंत्र कायदा करून ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण, असें प्रमाण ठरवून द्यावें लागलें. हा शेर म्हणजे आजचे सुमारें ९३३ ग्रॅम.

तिसरी पद्धत दशमान. फ्रान्स देशांत राज्यक्रांतीच्या धामधुमींत पंडितांनीं असा विचार केला कीं, माप राजाच्या हातापायांवरून न घेतां सर्वांच्या मालकीच्या पृथ्वीवरून घ्यावें. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यांश तो मीटर, असें ठरलें. देलांब्र व मेशें या दोघांनीं डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत रेखावृत्त मोजण्यांत १७९२ पासून सहा-सात वर्षें घालविलीं. १७९५ सालीं तेथें कायदा झाला. या पद्धतीचा कणा म्हणजे दहाच्या पटी. आणि स्थानमूल्याची ती दशमान अंकपद्धति आपल्याच देशांतून अरबांच्या हस्तें युरोपांत गेलेली. तेव्हां तीस सर्वस्वीं परकी म्हणण्याचें कारण नाहीं.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नये पैसे झाले. त्या वेळीं एका आण्यास ६, दोन आण्यांस १२, तीन आण्यांस १९ व चार आण्यांस २५ नये पैसे असें सरकारी कोष्टक होतें. कारण आणा म्हणजे सव्वासहा पैसे, आणि पाव पैशाचें नाणें नव्हतें. दोन वेळां एकेक आणा दिला तर बारा, पण तिसरा दिला कीं अठराच्या जागीं एकोणीस, या कोड्यानें त्या काळीं पुष्कळांस सतावलें होतें. पाठोपाठ १९५६ च्या वजन-माप कायद्यान्वयें १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम, मीटर व लिटर टप्प्याटप्प्यानें आले, आणि १९६२ पर्यंत जुनीं वजनें दुकानांतून कायद्यानें गेलीं. आज २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा लागू आहे व त्या अन्वयें व्यापारांत दशमान परिमाणेंच वापरावयाचीं आहेत.

वजनें गेलीं, नांवें मात्र गेलीं नाहींत. घाट उतरून गेलेल्या माणसाच्या घरांत दुसरें बिऱ्हाड यावें आणि दारावरची पाटी जुनीच राहावी, तसें झालें. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, परंतु आज सराफ तोळा म्हणतो तो दहा ग्रॅमांचा. वर सांगितलेल्या यादींतील २४ जुने तोळे म्हणजे २७९.९ ग्रॅम, अर्थात् २८ नवे तोळे. स्वयंपाकघरांतील कुजबुजीचें सारें रहस्य एवढेंच होतें. ‘सुनेस पांच तोळे घालावे’ असें जुन्या कागदांत असेल, तर ते ५८ ग्रॅमांहून थोडे अधिक. आजच्या बोलींत तेच पन्नास होतात. पावशेर म्हणजे जुने २३३ ग्रॅम. आज भाजीवालीकडे पावशेर मागितला कीं ती २५० ग्रॅम देते. येथें घेणाराचा लाभच झाला, म्हणून कोणीं तक्रार केली नाहीं!

दूरदर्शन-संचाची जाहिरात पाहा. बत्तीस इंची म्हणून जो संच विकतात, त्याच्या पेटीवर बहुधा ८० सेंटिमीटर छापलेले असतात. बत्तीस इंच म्हणजे ८१ सेंटिमीटरांहून अधिक. ८० सेंटिमीटर हे साडेएकतीस इंचच भरतात. बांधकामावर सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिस्त्री ‘चार सुती’ म्हणतो त्या सळईचा व्यास अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असावयास हवा. आज त्या नांवानें येते ती १२ मिलिमीटरची. व्यासांतील फरक क्षुल्लक दिसतो, पण सळईचें बळ तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर असतें, आणि तें क्षेत्रफळ सुमारें दहा-अकरा टक्क्यांनीं कमी भरतें. नकाशा मिलिमीटरांत काढलेला असेल तर यांत धोका कांहीं नाहीं. परंतु जुन्या वाड्याची दुरुस्ती जुन्या इंची नकाशावरून चालली असेल, तर ‘चार सुती’ या शब्दावर विसंबून चालणार नाहीं.

पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणांस हें अधिक चांगलें ठाऊक असतें. व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञानें १८४१ सालीं सुचविलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. अर्ध्या इंची नटांत बारा मिलिमीटरचा बोल्ट घातला तर तो शिरल्यासारखा वाटतो. पण आटे एकमेकांत नीट बसत नाहींत, आणि ताण येतांच पकड सुटते. मापांचा मेळ चुकला कीं तें प्रथमदर्शनीं लक्षांत येत नाहीं, ताण पडल्यावर येतें. घराचेंही तसेंच आहे.

आर आणि गुंठा यांचें नातें तर सर्वांत फसवें, कारण तीं दोन्ही जवळजवळ सारखीं आहेत. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, अर्थात् १०७६.४ चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फूट. फरक साडेबारा चौरस फुटांचा, म्हणजे साडेतीन फूट लांब-रुंद जागेहून किंचित् अधिक. शेर आणि किलो यांत जर कोणीं घोटाळा केला तर तराजूच ओरडून सांगेल. पण आर आणि गुंठा यांतील घोटाळा गुपचूप बसून राहतो. एका गुंठ्यास साडेबारा फूट, तर शंभर गुंठ्यांस साडेबाराशें. उताऱ्यावर ४० आर पाहून ‘आपला एक एकर’ म्हणणारे पुष्कळ आहेत; तो एकर नव्हे, साडेएकोणचाळीस गुंठे आहेत. पुरा एकर ४०.४७ आरांचा.

त्या कुटुंबाच्या मसुद्यांत असें होतें कीं, धाकट्या तिघांस प्रत्येकीं २५ गुंठे द्यावे आणि शेष थोरल्या बंधूंनीं घ्यावें. मोजणीदारानें मसुद्यांतील गुंठे आर समजून आंखले असते, तर तिघांस प्रत्येकीं २५०० चौरस मीटर आले असते आणि थोरल्यांकडे २६१७ उरले असते. प्रत्येकाशीं फरक ११७ चौरस मीटरांचा, म्हणजे सुमारें १२६० चौरस फुटांचा. आज ताथवड्यांत एवढ्या जागेंत एका कुटुंबाचें घर होतें. म्हणजे ज्या थोरल्या बंधूंवर खोट्या गुंठ्याचा संशय आला होता, त्यांच्याच पदरीं हा मसुदा नकळत इतर प्रत्येकापेक्षां खरोखरीच एक गुंठ्याहून अधिक जमीन घालीत होता; आणि पुढें मागें कोणीं मोजून पाहिलें असतें, तर त्यांच्या सचोटीवर कायमचा डाग बसला असता. पूर्वीं घेतलेला संशय खोटा, पण पुढें येणारा संशय खरा वाटावा, अशी ही विलक्षण स्थिति होती.

अशा चुका केवळ आपल्या खेड्यांतच होतात असें नव्हे. २३ जुलै १९८३ रोजीं एअर कॅनडाचें एक बोइंग विमान माँट्रियलहून एडमंटनकडे निघालें. त्या सुमारास त्या देशांत पौंड जाऊन किलोग्रॅम येत होते. विमानास २२,३०० किलोग्रॅम इंधन हवें होतें. लिटरांचें वजन काढतांना एका लिटरास १.७७ हा गुणक घेण्यांत आला. तो पौंडांचा होता, किलोग्रॅमचा ०.८ असावयास हवा होता. अंक बरोबर आला, पण तो पौंडांचा. इंधन निम्म्याहूनही कमी भरलें गेलें. आकाशांत दोन्ही यंत्रें बंद पडलीं. वैमानिकानें विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविलें आणि आंतील एकही जीव दगावला नाहीं. गणित येणाऱ्या माणसांनींच तें गणित केलें होतें. त्यांच्या हातून सुटला तो अंक नव्हे, अंकामागील शब्द.

आपल्या पूर्वजांनीं या बाबतींत फार दक्षता घेतली होती. कौटिलीय अर्थशास्त्रांत हात एकच नाहीं : २४ अंगुलांचा प्राजापत्य हस्त, सुतारांच्या कामाचा किष्कु ४२ अंगुलांचा, वनांतील मालासाठीं ५४ अंगुलांचा हस्त. मापें निराळीं होतीं, परंतु प्रत्येकास निराळें नांव होतें. भास्कराचार्यांची लीलावती शके १०७२ ची, म्हणजे इसवी सन ११५० ची. त्या ग्रंथांत बेरीज-वजाबाकी मागाहून येते. आरंभीं परिभाषा येते. आठ यवोदरांचें अंगुल, चोवीस अंगुलांचा हस्त, चार हस्तांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश, चार क्रोशांचें योजन. ज्या मापांत बोलावयाचें तीं आधीं ठरवून घ्या, मग हिशेबास बसा, असा त्या क्रमाचा अर्थ आम्ही घेतों.

आणि घरोघरीं असलेलें पंचांग? त्यांत घटी-पळें आहेत, आणि बहुतेक पंचांगांत तास-मिनिटेंही आहेत. साठ पळांची घटी, ती चोवीस मिनिटांची. परंतु कोणत्या स्तंभांत घटी व कोणत्या स्तंभांत तास, हें वर छापलेलें असतें. म्हणून मुहूर्ताच्या वेळीं दोन पद्धतींमुळें कधीं तंटा झाल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. दोन मापें घरांत नांदण्यास हरकत नाहीं. दोहोंस एकच नांव असूं नये, एवढेंच.

यावरून कोणीं असें समजूं नये कीं, जुने शब्द बोलणें सोडून द्यावें असें आमचें म्हणणें आहे. तसूभरही न हटणें, सोळा आणे खरें असणें, प्रकृति तोळामासा होणें, हें मराठींतून काढून टाकल्यास भाषा दरिद्री होईल. स्वयंपाकांतही निश्चित वजनाचा हट्ट धरण्याचें कारण नाहीं. कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ हें १९७० सालीं निघालेलें पुस्तक वाटी-चमच्याच्या प्रमाणामुळेंच घरोघरीं पोंचलें. वाटी लहान असो वा मोठी, दोहों जिनसांस तीच घेतली म्हणजे प्रमाण राहतें. परंतु ही सोय तेथेंच संपते. जेथें वस्तु दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाची आहे, तिचे पैसे घ्यावयाचे आहेत किंवा तिचे वांटे करावयाचे आहेत, तेथें वाटी चालणार नाहीं. तेथें परिमाण हवें.

आतां गृहस्थांनीं व गृहिणींनीं काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. जुना कागद वाचतांना त्यांतील शब्द बदलूं नये. ‘२ एकर २० गुंठे’ असेल तर तसेंच उतरून घ्यावें आणि त्याखालीं चौरस मीटर काढावे. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, एवढा आंकडा लक्षांत ठेविला कीं पुरे. सातबाऱ्यावरील आरास गुंठा म्हणूं नये. २०२० सालीं उताऱ्याचा नमुना बदलला, तेव्हां शेतजमिनीस हेक्टर-आर-चौरस मीटर व बिनशेतीस आर-चौरस मीटर अशी व्यवस्था झाली आहे. आंकड्याबरोबर हे शब्दही वाचावे. वांटणीपत्रांत ‘शेष अमक्यास’ असें कधींही लिहूं नये. प्रत्येकाचा वांटा चौरस मीटरांत लिहावा, सर्व वांट्यांची बेरीज करावी आणि ती एकूण क्षेत्राशीं जुळते कीं नाहीं तें सर्वांदेखत पाहावें. वर सांगितलेल्या कुटुंबानें तसेंच केलें : प्रत्येकीं २५२९ चौरस मीटर व वर कांहीं चौरस सेंटिमीटरांचा हिशेब, आणि शेजारीं कंसांत ‘जुने २५ गुंठे’. भगिनींनीं स्वतः बेरीज करून चौघांस वाचून दाखविली, आणि पेटी पुन्हां थोरल्यांच्याच खोलींत गेली.

दागिन्यांची यादी ग्रॅममध्यें करावी व वजन केल्याची तारीख घालावी. घर घेतांना चटई-क्षेत्र चौरस मीटरांत पाहावें. चौरस फूट हवे असतील तर १०.७६४ नें गुणावें, म्हणजे विकणाराच्या तोंडचा आंकडा व करारांतील आंकडा एक आहेत कीं नाहीं तें आपलें आपणांस कळेल. मिस्त्रीनें सूत म्हटलें तर ‘मिलिमीटर किती?’ असें नम्रपणें विचारावें. त्यांत त्याचा अपमान नाहीं.

चौरस मीटरच कां, गुंठा कां नको, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, आज सर्व मापें अखेरीस मीटरावरच येऊन टेकतात. १९५९ पासून खुद्द इंचाची व्याख्याच २५.४ मिलिमीटर अशी आहे. इंच गेला कीं फूट, फुटामागून सांखळी, सांखळीमागून गुंठा, सारे त्याच्याच आश्रयास आहेत. आणि मीटर आतां कोणा देशाच्या धातूच्या पट्टीवर अवलंबून नाहीं. १९८३ पासून तो प्रकाशाच्या वेगावरून ठरतो.

घरांतील मुलांस पावकी-दिडकी शिकवावी असा पुष्कळ वडील मंडळींचा आग्रह असतो. आमचाही आहे, बुद्धीस तो उत्तम व्यायाम आहे. पण त्याबरोबर एक संवयही लावावी. मुलगा उत्तर म्हणून नुसता ‘पंचवीस’ म्हणाला, तर वर्गांत आम्ही त्यास एकच प्रश्न करीत असूं : ‘पंचवीस काय?’ गुंठे, आर, ग्रॅम, तोळे, जें असेल तें त्यानें म्हटल्यावांचून गुण मिळत नसत. हा प्रश्न घरांतही विचारला जावा. आणि तो वांटणीच्या दिवशीं प्रथमच विचारण्याची पाळी कोणा घरावर येऊं नये.